दगडी कवच आणि आगीचं हत्यार: बाल्डर्स गेट २ मधले संरक्षक स्पेल कसे बदलावेत

मे महिन्यात भाचा सुट्टीला सोलापूरला आला होता. कूलरसमोर लॅपटॉप मांडून बाल्डर्स गेट २ हा जादूगार-योद्ध्यांचा गेम खेळत होता. समोरच्या जादूगारानं स्टोनस्किन, म्हणजे अंगावर दगडी कवचाचे थर चढवणारा स्पेल (जादूचा मंत्र) टाकलेला, आणि भाच्याचा योद्धा फ्लेल ऑफ एजेस हे अनेक तोंडांचं हत्यार फिरवत त्याच्यावर तुटून पडलेला. वार बसला की कवचाचा एक थर उडायचा आणि मूळ मार वाया जायचा. पण त्या हत्याराच्या तोंडांतून येणारं आम्ल, थंडी आणि आग दर वेळी आत शिरायचीच. तेवढ्या किरकोळ माराने जादूगाराचा अर्धवट म्हटलेला मंत्र तुटत होता. लढाई संपल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, त्याचं अंग दगडाचं झालंय ना? मग दगडाला चटका कसा बसतोय? हे चुकलंय, बघा की."

मी त्याला उठवून पश्चिमेच्या भिंतीला हात लावायला लावला. आमचं घर पूर्व भागातलं जुनं, जाड दगडी भिंतींचं. गल्लीतल्या पोरांचा चेंडू त्या भिंतीवर आदळून परत जातो. पण सोलापूरचं ऊन दिवसभर तिच्यात मुरतं आणि संध्याकाळी खोलीत उतरतं. त्यानं हात मागे घेतला आणि थोडा विचार करून म्हणाला, "पण लगेच नाही ना येत आत! तलवार तर एका क्षणात लागते."

त्याचं म्हणणं मला पटलं. गेम बनवणाऱ्यांचा नियमही समर्थनीय होता आणि त्याचाही. ज्या गेममध्ये नियम फाइलींत लिहिलेले असतात, तिथं आपल्याला पटलेला नियम आपण बसवू शकतो. पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी तेच केलं. ते कसं करायचं, कुठं फसायला होतं आणि कुठला रस्ता धरावा, हे इथं क्रमानं लिहितो.

माग आणि कार्ड

सोलापुरी चादर विणणारा जकार्डचा माग ज्यानं पाहिलाय त्याला मॉडिंग, म्हणजे गेमच्या फाइली आपल्याला हव्या तशा बदलणं, समजायला वेळ लागत नाही. मागाला मोर ठाऊक नसतो आणि फूलही ठाऊक नसतं. वर टांगलेल्या कार्डांच्या माळेत जिथं भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलायचा आणि नसेल तिथला सोडायचा, एवढंच त्याचं काम. नक्षी बदलायची तर माग उघडत नाहीत, कार्डं बदलतात.

बाल्डर्स गेट २ हा बायोवेअरनं २००० साली काढलेला गेम, आणि त्याची एन्हान्स्ड एडिशन २०१३ साली आली. दोन्ही इन्फिनिटी इंजिनवर चालतात. इंजिन म्हणजे माग. प्रत्येक हत्यार ही एक फाइल, प्रत्येक स्पेल ही एक फाइल, आणि त्या फाइलींच्या आत 'इफेक्ट' नावाच्या नोंदी एकामागून एक ओवलेल्या. प्रत्येक इफेक्ट ४८ बाइटचा असतो. त्यात सगळ्यात आधी ओपकोडचा क्रमांक येतो, म्हणजे काय करायचं ते. मग कुणावर, किती, किती वेळ, किती टक्के शक्यतेनं, बचावाची फेक (फासा टाकून परिणाम टाळायची संधी) आहे का, अशी माहिती येते. ओपकोडची यादी इंजिनात पक्की आहे, फाइली बदलून त्यात भर घालता येत नाही. आपल्या हातात फक्त कार्डं आहेत, आणि तेवढी पुरतात.

इथून पुढचं सगळं एन्हान्स्ड एडिशन धरून आहे. मी सांगणार आहे ती पद्धत ज्या ओपकोडवर उभी आहे, तो मूळच्या जुन्या गेममध्ये नाही.

तयारी

दोन साधनं लागतात. पहिलं निअर इन्फिनिटी. हा जावावर चालणारा फुकट संपादक, गेममधली प्रत्येक फाइल उघडून दाखवतो. दुसरं वायडू, म्हणजे केलेले बदल एका स्क्रिप्टमध्ये लिहून बसवणारं आणि हवे तेव्हा काढून टाकणारं साधन. वेस्टली वायमर यांनी ते मुळात संवादांच्या फाइलींसाठी लिहिलं, आणि नावातही 'वायमर डायलॉग युटिलिटी' असंच आहे. आज या गेमचे जवळपास सगळे मॉड त्यावरच बसतात.

काम सुरू करण्याआधी गेमचं संपूर्ण फोल्डर दुसऱ्या जागी कॉपी करा आणि त्या कॉपीवरच प्रयोग करा. विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये कॉपी ठेवू नका, तिथं लिहिण्याच्या परवानग्यांवरून अडचणी येतात. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. खेळत्या गेममधल्या चाळीसेक हत्यारांच्या फाइली हातानं बदलल्या, आणि आठवड्याभरानं कुठली बदलली आणि कुठली राहिली याचा पत्ताच लागेना. शेवटी गेम पुन्हा उतरवून घ्यावा लागला.

बदललेली फाइल 'ओव्हरराइड' फोल्डरमध्ये जाते. गेम आधी तिथं बघतो, तिथं नसेल तरच मूळ गठ्ठ्यातली फाइल उघडतो. म्हणजे मूळ फाइल कधीच बिघडत नाही. ओव्हरराइडमधली काढली की मूळची पुन्हा चालू.

मार नेमका कुठं अडतो?

घाईघाईत स्पेलची फाइल उघडण्याआधी एक वार सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यासमोर आणा. वाटेत तीन दारं लागतात, आणि आपल्याला कुठलं दार बदलायचंय ते ठरल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही.

पहिलं दार हत्याराचं. हे हत्यार या माणसाला लागू शकतं का? इथं ओपकोड १२० काम करतो. प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स, मँटल, इम्प्रूव्ह्ड मँटल, ॲब्सोल्यूट इम्युनिटी हे सगळे संरक्षक स्पेल याच दारावर पहारा देतात. दार बंद असेल तर मूळ मार, आग, विष, गुंगी सगळं बाहेरच राहतं, आणि पडद्यावर हत्यार निष्प्रभ असल्याचा संदेश येतो. यात एक बारीक गोष्ट आहे. हत्यार किती प्लसचं आहे, म्हणजे त्याच्यावरची जादू किती जोरदार, ही एक नोंद, आणि ते जादूचं आहे की नाही ही हत्याराच्या फाइलीतली दुसरीच खूण. मँटल पहिली नोंद बघतं, प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स दुसरी. मॉडमधल्या हत्यारांवर ही खूण विसरली गेली, की प्लस तीनची तलवार साधी ठरून संरक्षणातून आरपार जाते. एखादं हत्यार विचित्र वागलं की मी सगळ्यात आधी इथं बघतो.

दुसरं दार मूळ माराचं. स्टोनस्किन आणि ड्रुइडचं (निसर्गाची जादू करणाऱ्याचं) आयर्नस्किन्स इथं बसतात, ओपकोड २१८ घेऊन. वार बसला की एक थर जातो आणि हत्याराचा मूळ मार शून्य होतो. पण हत्यार 'लागलं' असंच गेम धरतो, म्हणून त्याला जोडलेले इतर इफेक्ट पुढं सरकतात. भाच्याचा चटका इथून येत होता.

तिसरं दार तत्त्वांचं. हत्याराला जोडलेली आग हा त्या हत्याराच्या फाइलीतला वेगळा इफेक्ट असतो, ओपकोड १२, म्हणजे डॅमेज. त्यात माराचा प्रकार लिहिलेला असतो: आम्ल, थंडी, वीज, आग वगैरे. तो मार अंगावर पडण्याआधी त्या प्रकाराचा प्रतिकार तपासला जातो. आम्लाचा प्रतिकार ओपकोड २७ देतो, थंडीचा २८, विजेचा २९ आणि आगीचा ३०. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे: या दाराला आग कुठून आली ते कळत नाही. फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या स्पेलची आग आणि तलवारीची आग त्याला सारखीच.

आधी वचन लिहा

कागद घ्या आणि तुमचा स्पेल खेळणाऱ्याला काय वचन देतो ते एका वाक्यात लिहा. 'स्टोनस्किन तत्त्वांपासूनही वाचवतं' हे वाक्य चालणार नाही. कुठल्या तत्त्वांपासून? हत्यारातून आलेल्या की स्पेलमधून आलेल्याही? थर संपल्यावर काय?

यावर आम्ही मामा-भाचे दोन दिवस वाद घातला. त्याला सगळं अडवायचं होतं. मी त्याला सगळं अडवलं तर काय होतं ते दाखवलं. या गेममध्ये शत्रूचा जवळजवळ प्रत्येक चांगला जादूगार स्टोनस्किन टाकूनच लढतो. आग किंवा आम्ल असलेलं हत्यार ही त्याचा मंत्र तोडायची योद्ध्याच्या हातातली मोठी सोय आहे. ती काढून घेतली तर थर उडेपर्यंत योद्धा नुसता हातोडा मारत बसणार.

शेवटी भिंतीनंच वाट दाखवली. क्षणभर लागलेली आग आणि थंडी दगड अडवेल. वीज अडवणार नाही. आम्ल तर दगडालाच खातं, तेव्हा तेही नाही. आमचं वाक्य असं झालं: 'स्टोनस्किनचे थर शिल्लक आहेत तोवर हत्यारातून येणारी आग आणि थंडी लागत नाही, आम्ल आणि वीज लागते, स्पेलच्या आगीवर काहीही परिणाम नाही.' फ्लेल ऑफ एजेसमध्ये आम्लही आहे, म्हणून ते हत्यार मंत्र तोडत राहतं. आणि जे हत्यार फक्त आगीचं आहे, त्याला आता कवचासमोर थांबावं लागतं. कुठलं हत्यार कधी काढायचं याचा विचार खेळणाऱ्याला करावा लागतो, आणि मला हेच हवं होतं.

तुमचं वाक्य वेगळं असू द्या. पण ते लिहून भिंतीवर चिकटवा. पुढं प्रत्येक चाचणी त्याच्याशीच ताडून बघायची आहे.

सोपा पण चुकीचा रस्ता

निअर इन्फिनिटीत स्टोनस्किनची फाइल उघडून आगीचा आणि थंडीचा प्रतिकार शंभर टक्के देणारे दोन इफेक्ट जोडायचे. पाच मिनिटांचं काम. बहुतेक जण हेच करतात, मीही आधी हेच केलं होतं.

त्यातून दोन गोष्टी बिघडतात. पहिली उघड आहे. तिसऱ्या दाराला आगीचा उगम कळत नसल्यामुळे चौथ्या पातळीच्या एका स्पेलनं जादूगार फायरबॉललाही अभेद्य होतो. दुसरी गोष्ट लवकर ध्यानात येत नाही आणि जास्त त्रास देते. थरांची संख्या वारांनी संपते, पण प्रतिकाराचा इफेक्ट वेळेनं संपतो. स्टोनस्किन बारा तास टिकतं. पहिल्या लढाईत सगळे थर उडाले तरी आगीचा प्रतिकार रात्रीपर्यंत अंगावर राहतो. एक इफेक्ट वार मोजतो, दुसरा घड्याळ बघतो, आणि त्यांना एकमेकांची खबर नसते.

म्हणून माझं मत ठाम आहे. संरक्षणाचा स्पेल जसा आहे तसाच राहू द्यावा आणि अट हत्याराच्या बाजूला घालावी. 'समोरच्याचे थर संपलेत का? संपले असतील तरच आग लाव.' असं केलं की स्पेलला आगीची फिकीर करावी लागत नाही आणि फायरबॉल आपोआप बाजूला राहतो.

अट हत्याराच्या बाजूला

एन्हान्स्ड एडिशनमध्ये ओपकोड ३२६ आहे. समोरचा एखाद्या अटीत बसत असेल तरच दिलेल्या स्पेलचे इफेक्ट त्याच्यावर लावायचे, हे त्याचं काम. अटी 'स्प्लप्रॉट' नावाच्या तक्त्यात असतात. त्यातल्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लिहायच्या: कुठला आकडा बघायचा, कशाशी ताडायचा आणि कसं ताडायचं. ताडण्याच्या खुणांत १ म्हणजे बरोबर, ३ म्हणजे पेक्षा जास्त.

आधी या तक्त्यात आपली ओळ घाला. बघायचा आकडा म्हणजे 'स्टोनस्किन्स', शिल्लक थरांची संख्या. त्याचा क्रमांक 'स्टॅट्स' नावाच्या यादीत निअर इन्फिनिटीत दिसेल. किंमत ०, खूण १. अर्थ सरळ आहे: शिल्लक थर शून्य. आयर्नस्किन्सही ओपकोड २१८ च वापरतं, त्यामुळे ड्रुइडसाठी वेगळी ओळ लागत नाही.

मग एक छोटा उपस्पेल बनवा. हा कुणी पाठ करणार नाही की टाकणार नाही, हत्यारच त्याला बोलावणार. त्यात एकच क्षमता (फाइलीतली वापराची एक पद्धत) आणि तिच्यात एकच इफेक्ट, ओपकोड १२, आगीचा मार, जेवढा मूळ हत्यारात होता तेवढा. फाइलीच्या नावाला आठ अक्षरांची मर्यादा आहे. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं तुमची स्वतःची ठेवा, म्हणजे दुसऱ्या मॉडच्या फाइलीशी टक्कर होणार नाही. थंडीसाठी असाच दुसरा.

आता हत्याराची फाइल उघडा. इफेक्ट दोन ठिकाणी असतात. काही हत्यार हातात असेपर्यंत धरणाऱ्यावर चालू राहतात, काही क्षमतेखाली असतात आणि वार बसल्यावर समोरच्यावर लागतात. आपल्याला दुसरे हवेत. तिथं आगीच्या ओपकोड १२ चा इफेक्ट काढा आणि त्याच जागी ओपकोड ३२६ चा बसवा: दुसऱ्या पॅरामीटरमध्ये आपल्या ओळीचा क्रमांक, रिसोर्समध्ये उपस्पेलचं नाव. आम्लाच्या इफेक्टला हात लावायचा नाही.

इथवर आलं की बरेच जण काम झालं असं समजतात. खरा वेळ पुढच्या चार-पाच बारकाव्यांत जातो.

शक्यता फक्त एकाच जागी लिहा. सेलेस्टियल फ्युरी नावाच्या कटाना तलवारीत वाराबरोबर पाच टक्के शक्यतेनं विजेचा मोठा मार आहे. तुमच्या नियमात वीजही अडत असेल आणि तुम्ही पाच टक्के हत्यारातही ठेवले आणि उपस्पेलमध्येही, तर पाचाचे पाच टक्के होऊन वीज चारशे वारांत सरासरी एकदा पडेल. शक्यता हत्यारातल्या ओपकोड ३२६ वर ठेवा आणि उपस्पेलमध्ये शंभर टक्के द्या. असंच का, उलटं का नको? एका वारातल्या सगळ्या इफेक्टसाठी गेम शक्यतेचा एकच फासा टाकतो. काही हत्यारांत त्याच फाशावर 'हे झालं तर ते होणार नाही' असं गणित बांधलेलं असतं. शक्यता उपस्पेलमध्ये नेली की तिथं नवा फासा पडतो आणि ते गणित मोडतं.

बचावाची फेकही एकाच जागी, पण ती उपस्पेलमध्ये. मूळ इफेक्टमध्ये फेक जमली की मार अर्धा होत असेल तर तीही खूण सोबत न्या.

जादूप्रतिकाराची नोंद मूळ इफेक्टमधून जशीच्या तशी उपस्पेलमध्ये उतरवा, आणि ओपकोड ३२६ ला मात्र ती लागू ठेवू नका. नाहीतर ड्राऊ एल्फसारख्या मोठा जादूप्रतिकार असलेल्या शत्रूपुढं आग दोनदा तपासली जाईल आणि क्वचितच लागेल.

इफेक्टची 'पॉवर' आणि उपस्पेलची पातळी शून्य ठेवा. मायनर ग्लोब ऑफ इन्व्हल्नरेबिलिटी खालच्या पातळीचे स्पेल अडवतं. आपल्या उपस्पेलला एक पातळी दिली तर तो गोळा तलवारीची आग अडवू लागेल, आणि तसं वचन तर आपण दिलेलं नाही.

फेकायच्या कुऱ्हाडींना दोन क्षमता असतात, हातघाईची आणि फेकीची. दोन्ही बदला. धनुष्याच्या बाबतीत आगीचा इफेक्ट बहुधा बाणाच्या फाइलीत असतो, धनुष्याच्या नाही.

उलटी गरज: सगळं अडतंय, पण आग आत जाऊ द्यायचीय

काही जणांना याच्या उलट हवं असतं. प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स पहिल्याच दारावर सगळं अडवतं. तलवार नाही लागली, समजू शकतो, पण तिच्यावरची ज्वाळा तरी लागावी की! इथं हत्याराच्या बाजूला अट घालून काही होत नाही. हत्याराचे इफेक्ट समोरच्यापर्यंत पोचतच नाहीत.

मग स्पेलच बदलावा लागतो. त्यातला ओपकोड १२० काढून ८६, ८७, ८८ आणि ८९ घाला. हे अनुक्रमे कापणाऱ्या, चेचणाऱ्या, भोसकणाऱ्या आणि लांबून मारलेल्या हत्यारांच्या माराचा प्रतिकार देतात. चारही शंभरवर सेट करा. मूळ मार शून्य होतो आणि आग आत जाते. ओपकोड १२० वेळेवर संपायचा आणि हे चारही वेळेवरच संपतात, म्हणून थर आणि घड्याळाचा आधीचा गोंधळ इथं येत नाही.

याची किंमत मात्र मोजावी लागते. प्रतिकाराला हत्यार जादूचं आहे की साधं आहे ते कळत नाही, त्यामुळे हा स्पेल आता साध्या हत्यारांपासूनही वाचवू लागतो. मँटलवर हा प्रयोग केला तर 'प्लस तीनचं हत्यार आरपार जातं' ही त्याची सगळी ओळखच पुसली जाते. शिवाय आगीबरोबर गुंगी, विष, पातळी शोषणं हेही आत येतं. म्हणून मी हा बदल प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्सपुरताच केला, आणि तोही वेगळा पर्याय म्हणून ठेवला. मँटलच्या वाट्याला जाऊ नका असंच मी सांगेन.

हातानं एक, बाकी वायडूनं

एक हत्यार हातानं बदलून नियम बरोबर चालतोय हे बघितलं की निअर इन्फिनिटी बाजूला ठेवा. शेकडो हत्यारं हातानं बदलायची नसतात. फ्लेल ऑफ एजेसच घ्या, त्याची प्लस तीन, चार, पाच अशी रूपं वेगवेगळ्या फाइली म्हणून आहेत.

वायडूची 'कॉपी एक्झिस्टिंग रेगएक्सपी' ही आज्ञा गेममधल्या सगळ्या वस्तूंच्या फाइली एकेक करून समोर आणते. प्रत्येकीत क्षमता तपासायच्या, आणि आगीचा किंवा थंडीचा ओपकोड १२ सापडला तरच बदल करायचा. पण चाळणी बारीक लावा. जादूच्या कांड्या, स्फोटक बाटल्या याही गेमच्या लेखी वस्तूच आहेत. क्षमतेचा प्रकार १ म्हणजे हातघाई, २ म्हणजे फेक आणि ३ म्हणजे जादू. फक्त १ आणि २ घ्या, नाहीतर आगीची कांडीही कवचासमोर थंड पडेल. इफेक्टचं लक्ष्य 'समोरचा' असेल तरच घ्या. काही हत्यारं धरणाऱ्यालाच चटका देतात, ती तशीच राहू द्या. स्फोट करणारे बाण मी मुद्दाम वगळले. बाण कुणाला लागला यापेक्षा तो कुठं फुटला याला तिथं महत्त्व आहे, आणि ती आग मला फायरबॉलच्या जवळची वाटते.

एकाच मापाच्या आगीसाठी एकच उपस्पेल पुन्हा पुन्हा वापरा. मात्र बचाव आणि जादूप्रतिकाराच्या नोंदी वेगळ्या असतील तर उपस्पेलही वेगळा हवा.

स्प्लप्रॉटच्या ओळीचा क्रमांक स्क्रिप्टमध्ये ठोकून लिहू नका. दुसरे मॉडही त्याच तक्त्यात ओळी घालतात. ओळ घातल्यावर तिचा क्रमांक त्याच वेळी मोजून घ्या आणि मग हत्यारांत भरा. तुमच्या गेममध्ये बरोबर चालणारा मॉड मित्राकडं भलतंच करतो, त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं. माझ्या एका मित्राकडं तर कवच असलेल्याला आग लागायची आणि नसलेल्याला लागायची नाही. त्यानं फोन करून एवढंच विचारलं, "काय बे, उलटं विणलंस का?"

वायडू प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, आणि मधला एखादा मॉड काढायचा झाला तर त्यानंतर बसवलेले आधी उतरवून मग पुन्हा चढवतं. तुमचा मॉड नवी हत्यारं आणणाऱ्या मॉडनंतर बसवायला सांगा. आधी बसवला तर नंतर आलेल्या हत्यारांना तो शिवणारच नाही.

स्पेलचं आणि हत्याराचं वर्णनही याच स्क्रिप्टमधून बदला. हे शेवटचं किरकोळ काम म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. खेळणारा फाइली उघडून बघत नाही. त्याच्यासाठी वर्णन हाच नियम. भिंतीवर चिकटवलेलं वाक्य जसंच्या तसं तिथं गेलं पाहिजे.

नवा संरक्षक स्पेल केलात तर

जुना बदलण्याऐवजी नवाच स्पेल बनवलात, तर त्याच्या फाइलीत 'दुय्यम प्रकार' नावाची नोंद असते तिथं लढाईचं संरक्षण हा प्रकार निवडा. पाचव्या पातळीचं ब्रीच कुठली संरक्षणं उतरवायची ते याच नोंदीवरून ठरवतं. ती रिकामी राहिली तर तुमचं कवच ब्रीचनं उतरत नाही, आणि ज्याला उतारा नाही असं संरक्षण शत्रूच्या हाती गेलं की लढाई कंटाळवाणी होते.

नेव्हरविंटर नाइट्सवर काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. २००२ सालच्या त्या गेममध्ये स्टोनस्किन ही स्क्रिप्ट आहे, हत्याराच्या मूळ माराला कात्री लावणारा परिणाम वेगळा आणि आग-थंडीला अडवणारा वेगळा. दोन परिणाम एकमेकांना जोडून लावता येतात, त्यामुळे एक गेला की दुसराही जातो, आणि घड्याळाचा घोळ तिथं सहज सुटतो. पण आग कुठून आली ते तिथल्या परिणामालाही कळत नाही, तेव्हा फायरबॉलचा प्रश्न तसाच राहतो.

चाचणी

गेमच्या सेटिंगमध्ये लढाईचे सगळे संदेश चालू करा. कन्सोल, म्हणजे गेमला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, चालू करून हवं ते हत्यार आणि हवा तो शत्रू जागेवरच मागवता येतो, जुनी सेव्ह शोधत बसावं लागत नाही.

चाचणीपुरते आकडे ओळखता येतील असे करा. आग ७, थंडी ११, आम्ल १३ असं काहीतरी. मूळ गेममधले एक-एक पॉइंट सारखेच दिसतात. तेरा दिसले की आम्ल, हे लगेच कळतं. काम झाल्यावर आकडे परत मूळचे करायला विसरू नका.

मग क्रमानं बघा. कवच नसलेल्यावर वार केला तर तिन्ही आकडे दिसले पाहिजेत. कवच असलेल्यावर फक्त तेरा. कवच असलेल्यावर फायरबॉल टाकला तर तो पूर्ण लागला पाहिजे. मायनर ग्लोबमध्ये उभा असलेल्या, कवच नसलेल्यावर वार केला तर तिन्ही. आगीला मुळातच प्रतिकार असलेल्या शत्रूवर आगीचा आकडा सातपेक्षा कमी आला पाहिजे. पूर्ण सात आले तर उपस्पेलमध्ये माराचा प्रकार चुकलाय. उपस्पेलच्या आगीनं शेवटचा प्राण गेला तर अनुभवाचे गुण मारणाऱ्याच्या खात्यात जातात का तेही बघा.

आणि सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या थरावर द्या. एकच थर शिल्लक असताना वार बसला, तर त्या वाराची आग लागायला हवी की नको? आमच्या वाक्यात 'थर शिल्लक आहेत तोवर' असं होतं, आणि त्या क्षणी थर शिल्लक होता की नव्हता यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. थर आधी उडतो आणि अट नंतर तपासली जाते, की उलट, हे तुमच्या मांडणीत डोळ्यांनी बघा. मग जे दिसेल ते वर्णनात स्पष्ट लिहा.

आमची ही शेवटची चाचणी भाचा परत जायच्या आदल्या रात्री झाली. कन्सोलमधून जादूगार उभा केला, एकच थर ठेवला आणि वार केला. संदेशांची खिडकी वर सरकवून त्यानं आकडे वाचले, वहीत लिहिले, आणि वर्णनातल्या 'तोवर' या शब्दाआधी एक शब्द वाढवायला लावला.